विसण

आमच्या सासूबाई पहाटे पाचला अंघोळ करतात. वय ८३, पण थंडी असो की पाऊस, पाचचा नेम चुकत नाही. मागच्या डिसेंबरात एके दिवशी त्या केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पाणी उतरलंय हं. बरेच दिवस झाले बघतेय, विसण घालावंच लागत नाही."

विसण म्हणजे कढत पाणी अंगाला सोसेल असं व्हावं म्हणून त्यात घालायचं गार पाणी. हा शब्द आमच्या घरात आता फक्त त्यांच्या तोंडी आहे. मुलं "मिक्स कर" म्हणतात. मीही बहुधा तेच म्हणते. त्या दिवशी मात्र तो शब्द कानात राहिला.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. तीन मजली जुनी इमारत, बारा बिऱ्हाडं आणि गच्चीवर सगळ्यांत मिळून एक सोलर. १५०० लिटरची टाकी, तिच्या पुढ्यात दक्षिणेकडे तोंड करून कललेली बारा पॅनेलं. बसवून अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पापड वाळत घालताना पॅनेलांच्या सावलीत येणार नाहीत एवढं बघायचं, इतकाच काय तो संबंध.

शेजारी विचारलं तर सगळ्यांकडे तीच तक्रार. मीटिंग झाली. कोणी म्हणालं काचांवर धूळ बसलीय, कोणी म्हणालं बोअरच्या पाण्याचे क्षार साचलेत. एका कंपनीचा माणूस येऊन दहा मिनिटं बघून गेला. पॅनेलं थकली, सगळीच बदला, असं सांगून त्यानं चार लाखांच्या वरचं अंदाजपत्रक पाठवलं. तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "गिझर सगळ्यांकडे आहेत. राहू दे ते वर नुसतं. महापालिकेची मिळकतकरातली पाच टक्के सवलत तरी चालू राहील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं. अठरा वर्षं ज्यानं आम्हाला रोज पाणी तापवून दिलं, ते नुसतं करसवलतीपुरतं गच्चीवर उभं ठेवायचं? आणि मुळात ते बिघडलंय की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे वीसेक वर्षं एक प्लंबर येतात. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, आधी गच्चीवर चला. पाणी तापतंय का नाही ते तरी बघू."

सकाळचे अकरा वाजले होते. टाकीच्या तळाकडून एक पाइप निघून पॅनेलांच्या खालच्या कडेला जात होता. मामा म्हणाले, "धरा." मी धरला. थंडगार. मग पॅनेलांच्या वरच्या कोपऱ्यातून निघून परत टाकीत शिरणारा दुसरा पाइप त्यांनी दाखवला. त्यावरचं वेष्टण एका जागी निघालं होतं, तिथे मी बोट टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"म्हणजे पाणी फिरतंय," मामा म्हणाले.

"पण फिरवतंय कोण? पंप कुठाय?"

"पंप नाहीच ताई याला. आपलं आपण फिरतं."

मी मोटर शोधत टाकीभोवती एक फेरी मारली. खरंच काही नव्हतं. वायर होती ती पावसाळ्यात पाणी तापवायच्या विजेच्या कॉइलची, तीही बंद. हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत दीड हजार लिटर पाणी त्या पॅनेलांतून सावकाश वर चढत होतं.

त्या रात्री मी आकडे काढत बसले. गणित हा माझा जुना विषय, त्यामुळे त्यातच रमले. एक लिटर पाणी २५ अंशांना सुमारे ९९७ ग्रॅम भरतं. तेच ६० अंशांना ९८३ ग्रॅम. फरक चौदा ग्रॅमांचा, म्हणजे फोडणीत पडणाऱ्या चमचाभर तेलाएवढा. पॅनेलातल्या बारीक नळ्यांतलं पाणी तापलं की तेवढं हलकं होतं आणि वर सरकतं. टाकीच्या तळाचं गार पाणी जड, ते खाली उतरून त्याची जागा घेतं. ते तापतं, तेही वर जातं. सूर्य चढत जातो तसा हा फेरा वेग घेतो आणि दिवस कलला की आपोआप मंदावतो. रात्री तो उलटा फिरू नये, टाकीतली ऊब पॅनेलात उतरून आभाळात जाऊ नये, म्हणून टाकी पॅनेलांच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच ठेवतात. आमची तशीच होती. ज्यांनी अठरा वर्षांपूर्वी ती बसवली त्यांना काम येत होतं.

पॅनेलंही मी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं काच पुसून आत डोकावून पाहिली. तांब्याच्या उभ्या नळ्या, त्यांना जोडलेला तांब्याचाच पत्रा आणि त्यावर काळा लेप. तो काजळासारखा काळा नाही, त्याला किंचित निळसर झाक आहे. त्यातच सगळी हुशारी आहे. साधा काळा रंग ऊन शोषतो खरा, पण तापल्यावर तितक्याच सढळपणे ती उष्णता बाहेर फेकतोही. हा लेप शंभरातलं नव्वदच्या वर ऊन आत घेतो आणि उष्णता बाहेर सोडताना मात्र हात आखडता घेतो. हॅरी टेबर नावाच्या इस्रायलमधल्या शास्त्रज्ञानं १९५५ साली असा लेप करून दाखवला. त्याच्या देशानं पुढे १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला. वरची काच दुसरी राखण करते. ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या पत्र्यातून निघणारी उष्णता लांब लहरींची असते, तिला बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं की जो भपका तोंडावर येतो, तोच प्रकार. हल्ली दिसतात त्या काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये हेच काम दुहेरी काच आणि मधली निर्वात पोकळी करते, थर्मासच्या बाटलीसारखं. त्या नळ्यांच्या बुडाशी आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढरा पडला तर समजावं की पोकळीत हवा शिरली, नळी गेली.

आणखी एक हिशेब मला थक्क करून गेला. दीड हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं म्हणजे सुमारे ६१ युनिट वीज. दोन किलोवॉटचा गिझर तीस तास सलग चालवावा लागेल. आपल्याकडे स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण पाच युनिट ऊन पडतं. आमची बारा पॅनेलं, प्रत्येकी दोन चौरस मीटर. म्हणजे १२० युनिट आले आणि त्यातले निम्मे पाण्यात उतरले. रोज, त्या गच्चीवर, आम्ही पापडांची काळजी करत असताना.

पॅनेलं तीसेक अंशांत कललेली आहेत, तेही उगाच नाही. पुणं साडेअठरा अक्षांशावर. वर्षाची सरासरी बघितली तर एवढा कल लागत नाही. पण कढत पाणी हवं असतं ते डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा दक्षिणायनाच्या टोकाला भर दुपारीही सूर्य आपल्याकडे ४८ अंशांच्या वर चढत नाही. त्या सूर्याकडे तोंड करून ती बसवलेली आहेत. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा त्यांना थोडं कमी ऊन मिळतं आणि तेव्हा कोणाची तक्रारही नसते.

हे सगळं वाचताना मला सारखा वाईचा बंब आठवत होता.

आमच्या माहेरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पोटातून आरपार नळा, नळ्यात विस्तव, भोवती पाणी. आजी पहाटे उठून त्यात तुराट्या, करवंट्या, मक्याची बुरकुंडं घालायची. बंबाला वरच्या अंगाला पाणी पडायची चोच होती आणि दुसऱ्या बाजूला नरसाळं. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की चोचीतून तांब्याभर कढत पाणी बादलीत पडायचं. ओतल्याशिवाय थेंब मिळायचा नाही. "जेवढं घेशील तेवढं ओत," हा आजीचा हुकूम. मला वाटायचं, आपण ओतलेलंच पाणी धावत धावत तापून बाहेर येतं. एकदा कल्हईवाल्यानं बंब साफ करायला उघडला तेव्हा आत पाहिलं. नरसाळ्याची नळी सरळ तळापर्यंत गेलेली होती. गार पाणी गुपचूप खाली जाऊन बसायचं आणि वर तरंगत असलेलं कढत पाणी चोचीतून ढकलून द्यायचं. ते गार पाणी नळीशिवाय वरूनच पडलं असतं, तर सगळा बंब कोमट झाला असता.

गच्चीवरची टाकी म्हणजे तोच बंब, आडवा झोपवलेला. गार पाणी वरच्या साध्या टाकीतून येतं आणि सोलरच्या टाकीत तळाशी शिरतं. गरम पाणी माथ्यावरून निघतं. खाली आपण तोटी सोडली की जेवढं गरम बाहेर पडतं तेवढंच गार खालून आत येतं. दोन्ही एकाच टाकीत, एकावर एक, मध्ये कसलाही पडदा नाही, तरी सहसा मिसळत नाहीत. म्हणूनच सोलरचं पाणी संपतं तेव्हा हळूहळू कोमट होत नाही. कढत, कढत, कढत आणि एकदम गार. उशिरा उठणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

आणि हे पाणी आजचं नसतं. पहाटे पाचला सूर्य कुठे असतो? सासूबाई अंगावर घेतात ते काल दुपारचं ऊन. ते रात्रभर राखणं हीच एके काळी मोठी अडचण होती. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी १८९१ मध्ये सौर बंबाचं पेटंट घेतलं होतं. त्यात टाक्याच काचेच्या पेटीत ठेवलेल्या असत. दुपारी पाणी मस्त तापायचं, रात्री त्याच काचेतून ऊब निघून जायची, सकाळी पाणी गार. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारा भाग आणि साठवणारा भाग वेगळे केले, टाकीला उबदार आवरण घातलं आणि त्या यंत्राला नावच 'डे अँड नाइट' दिलं. आमच्या टाकीभोवती फोमचा जाड थर आहे. भर दुपारी टाकीत साठ अंशांचं पाणी असताना बाहेरच्या पत्र्याला हात लावला, तर नुसता उन्हानं तापलेला वाटतो. आतलं काही बाहेर कळत नाही.

मग पाणी उतरलं कुठे?

मामांनी दुपारी तीनला टाकीच्या माथ्याजवळच्या पाइपावरचा एक छोटा कॉक सोडून मगभर पाणी काढलं. वाफ येत होती. म्हणाले, "पॅनेल झकास आहेत ताई. चार लाख काय उगाच? भानगड खाली आहे."

म्हणजे वाटेत कुठेतरी विसण पडत होतं आणि ते कोणीच घालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गच्चीवर गरम पाण्याच्या लाइनीचा मुख्य कॉक पूर्ण बंद केला आणि मला फोन करून सांगितलं, "स्वयंपाकघरातली गरमची तोटी सोडा. पाइपात असेल तेवढं येईल आणि थांबेल." मी सोडली. धार थांबायचं नावच घेईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. वर कॉक बंद, आणि गरमच्या तोटीतून गार पाणी, नेहमीपेक्षा जोरात. मी तशीच फोन धरून त्या धारेकडे बघत राहिले. मामा तिकडून म्हणाले, "सापडलं. गारची लाइन गरममध्ये घुसलीय. क्रॉस झालंय कुणाकडे तरी."

कुणाकडे, ते शोधायला दोन तास लागले. डक्टमध्ये प्रत्येक घराच्या गरम लाइनीला कॉक आहे. मामा एकेक बंद करत गेले आणि मी आमच्या तोटीची धार बघत राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचा कॉक फिरवला आणि धार बारीक होत होत थांबली.

त्या घरात तरुण जोडपं राहतं. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी न्हाणीघर नवीन करून घेतलं होतं. भिंतीत मिक्सर, त्याला हँडशॉवर, आणि पाणी बंद करायचं बटण हँडशॉवरच्या मुठीतच. त्यामुळे मिक्सरच्या गरम-गार दोन्ही चाव्या कायम उघड्या. पाण्याला जोर कमी म्हणून गारच्या लाइनीला छोटा प्रेशर पंप लावलेला. आता इमारतीत कोणीही गरमची तोटी सोडली की गरम लाइनीतला दाब उतरायचा आणि पंपाच्या जोरावर गार पाणी त्या मिक्सरच्या पोटातून गरमच्या पाइपात शिरायचं, तिथून सगळ्यांच्या घरी. मामा हे समजावत होते, तोच ती मुलगी मला म्हणाली, "काकू, तरीच! रोज पहाटे पाचला आमचा पंप आपोआप वाजतो. आम्ही घाबरलो होतो. दोनदा मेकॅनिक येऊन गेला."

पहाटे पाचला. खाली सासूबाई बादली लावत होत्या आणि वर या दोघांची झोपमोड होत होती.

मिक्सरच्या मागे दोन्ही पाइपांना एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी ती पितळी झडप माझ्या मुठीत मावत होती. मजुरी धरून खर्च हजार-बाराशे. ती मुलगी दोनदा माफी मागायला आली. मी तिला आत बोलावून चहा दिला. चूक तिची नव्हतीच. ज्यानं ते न्हाणीघर करून दिलं, त्यानं वर गच्चीवर काय आहे ते पाहिलं नव्हतं, आणि आम्ही तरी कुठे पाहिलं होतं?

क्षारांचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नव्हतं. फेब्रुवारीत मामांनी एका पॅनेलचं बूच काढून आतली नळी दाखवली. अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर होता. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की पुन्हा दगड होऊन बसतो. सौम्य आम्लानं नळ्या धुवून घेतल्या. आता दर दोन वर्षांनी धुवायचं ठरलं आहे.

एक गोष्ट सुटत नाही, ती पाइपातल्या पाण्याची. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून आमच्या तोटीपर्यंत वीसेक मीटर, म्हणजे पाच लिटर गार पाणी रोज आधी येतं. ते आम्ही छोट्या बादलीत धरतो. सासूबाई त्यातलं तांब्याभर तुळशीला घालतात, उरलेल्यात फरशी पुसली जाते.

यंदा दिवाळीच्या आधी मी सोसायटीच्या फळ्यावर पहिल्यांदाच एक सूचना लिहिली. नरक चतुर्दशीला पाहुणे धरून अठ्ठावन्न माणसं इमारतीत होणार होती, आणि अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत. सूर्य मावळल्यावर टाकीत एक लिटरही नव्यानं तापत नाही. रात्री भांड्यांना काढलेल्या प्रत्येक बादलीमागे एक गार बादली तळाशी जाऊन बसते आणि पहाटेपर्यंत गारच राहते. म्हणून लिहिलं: "आज संध्याकाळी पाचनंतर गरम पाणी कृपया भांडी-कपड्यांना वापरू नये." खाली क्रम लिहिला. आधी म्हातारी माणसं, मग लहान मुलं, मग बाकीचे. वाद होईल असं वाटलं होतं. तळमजल्यावरच्या आजोबांनी खाली खडूनं एवढंच लिहिलं, "माझा नंबर दोन. एक नंबर तुमच्या सासूबाईंचा."

पहाटे साडेचारला मी सासूबाईंना तेल लावलं, उटणं लावलं. बादली भरली. त्यांनी हात घातला आणि झटकन काढला. "बाई गं! विसण घाल, विसण."

पाच, साडेपाच, सहा. भिंतींतून पाण्याचा आवाज थांबत नव्हता. जिन्यात फटाक्यांचा वास, कोणीतरी दाराशी कारीट फोडलं. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी ओल्या केसांनी फराळाचं ताट घेऊन आली आणि सांगून गेली की त्यांचा पंप वाजला नाही.

माझा नंबर शेवटचा होता. सहा वीसला बादली लावली. अर्ध्यावर येईपर्यंत धार कढत होती, आणि मग एकदम गार झाली. टाकी संपली होती. मी तोटी बंद केली नाही. बादली काठोकाठ भरू दिली आणि हात घालून पाहिलं. विसण बरोबर पडलं होतं.